मॅग्नम काडतूस, एक आवाज आणि आयुष्यभराची शिट्टी



मागच्या दिवाळीत एक तरुण दवाखान्यात आला. वय तिशीच्या आत, नोकरी अमेरिकेत टेक्सासमध्ये, सुटीसाठी घरी आलेला. तक्रार एकच. कानात सतत बारीक शिट्टी वाजते आणि रात्री त्यामुळे झोप लागत नाही. मी कान तपासले. मळ नव्हता, पडदा शाबूत होता. रक्तदाब ठीक होता. बाहेर फटाके वाजत होते, म्हणून साहजिकच विचारले, "एखादा सुतळी बॉम्ब जवळ फुटला का रे?" तो म्हणाला, "नाही काका, मी फटाके वाजवतच नाही." मी जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि "होईल कमी" असे सांगून त्याला घरी पाठवले.

आठवडाभराने तो परत आला. शिट्टी तशीच. मग त्याला आमच्या कान-नाक-घसा तज्ज्ञ मॅडमकडे पाठवले. त्यांनी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी केली. आलेखात डाव्या कानाला ४००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात खोल खड्डा दिसत होता. उजव्या कानाला तसाच खड्डा होता, पण उथळ. तो आलेख बघून मॅडमचा पहिला प्रश्न होता, "तू रायफल चालवतोस का?"

तेव्हा सगळे बाहेर आले. भारतात येण्याआधी तीन आठवडे तो एका अमेरिकन मित्राच्या शेतावर गेला होता. टेक्सासमध्ये रानडुकरांनी शेतकऱ्यांना हैराण केले आहे आणि त्यांची शिकार तिथे सर्रास चालते. मित्राने त्याला आपली सेमी-ऑटोमॅटिक रायफल निशाण्यावर चालवायला दिली. काडतूस होते .३०० विंचेस्टर मॅग्नम. कानावर इअरमफ होते, पण चष्म्याच्या जाड काड्यांमुळे ते नीट बसत नव्हते. त्यात मित्र काय सांगतोय ते ऐकू यावे म्हणून त्याने डावा मफ जरा वर केला आणि तसाच विसरला. एक गोळी झाडली. कानाला दडे बसले. दोन दिवसांनी दडे सुटले, पण शिट्टी राहिली.

"एकच तर गोळी होती, काका," असे तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याच्या या वाक्यासाठीच आजचा लेख लिहितो आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. बंदूक म्हटले की आपण फक्त गोळी कुणाला लागेल याचाच विचार करतो. तो करायलाच हवा. पण शिकारीला किंवा हौसेने नेमबाजीला जाणाऱ्या माणसाचे ठरलेले नुकसान होते ते त्याच्या स्वतःच्या कानाचे, आणि काडतूस जितके ताकदवान तितके ते जास्त. मॅग्नम काडतुसाची हौस ही बहुतेकांसाठी गरज नसलेली हौस आहे, आणि तिची किंमत कान मोजतात.

"आपल्याकडे शिकारच बंद आहे, मग हे आम्हाला कशाला?" असे काहीजण म्हणतील. खरे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात शिकारीवर बंदी आली. पण तुमच्यापैकी अनेकांची मुले, सुना, जावई, नातवंडे अमेरिकेत आहेत. तिथे शनिवार-रविवारी मित्रांबरोबर शूटिंग रेंजवर जाणे ही आपल्याकडे ट्रेकला जाण्याइतकी साधी गोष्ट आहे. फोनवर "जेवलास का?" विचारतो, तसे हेही एकदा विचारून बघा. (व्हिसावर राहणाऱ्यांना बंदूक हाताळण्याबाबत तिथे वेगळे कायदे आहेत, तेही आधी माहीत करून घ्यायला सांगा.)

मॅग्नम म्हणजे नक्की काय?

हा शब्द मूळचा मद्याच्या बाटलीचा. नेहमीच्या बाटलीच्या दुप्पट, म्हणजे दीड लिटरच्या बाटलीला मॅग्नम म्हणतात. काडतूस बनवणाऱ्यांनी तो उचलला आणि त्याच जाडीच्या गोळीमागे जास्त दारू भरलेल्या काडतुसाला हे नाव दिले. १९१२ साली हॉलंड अँड हॉलंड या इंग्लिश कंपनीने मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी .३७५ मॅग्नम काढले. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम हे रिव्हॉल्वरचे काडतूस आले. माझ्या रुग्णाने झाडलेले .३०० विंचेस्टर मॅग्नम १९६३ चे. १९७१ च्या 'डर्टी हॅरी' या सिनेमाने तर .४४ मॅग्नम जगभर पोहोचवले. तेव्हापासून मॅग्नम म्हणजे मर्दानी, असा समज पक्का झाला.

ताकदीचा अंदाज यावा म्हणून थोडे आकडे देतो. ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात वापरतात त्या .२२ काडतुसाच्या गोळीची ऊर्जा नळीतून बाहेर पडताना साधारण दीडशे ज्यूलच्या आत असते. हरणांच्या शिकारीसाठी नेहमी वापरले जाणारे .३०८ काडतूस साधारण साडेतीन हजार ज्यूल देते. .३०० विंचेस्टर मॅग्नम साडेचार ते पाच हजार. ही जास्तीची ऊर्जा जास्त दारू जळून येते. जास्त दारू म्हणजे जास्त वायू, जास्त दाब आणि जास्त आवाज. खांद्याला बसणारा धक्काही .३०८ च्या सुमारे दीडपट.

सेमी-ऑटोमॅटिकमुळे काय फरक पडतो?

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप नळीत चढते. हाताने खटका मागे-पुढे करावा लागत नाही. चाप दाबून धरला की गोळ्यांचा वर्षाव करणारी ती ऑटोमॅटिक, ती वेगळी. शिकारीसाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफली जुन्याच आहेत. ब्राउनिंग कंपनीने १९६७ साली आणलेली 'बार' ही त्यातली प्रसिद्ध रायफल पुढे मॅग्नम काडतुसांतही मिळू लागली.

यातल्या अनेक रायफली काडतुसाच्याच वायूचा थोडा भाग वापरून पुढचे काडतूस चढवतात. त्यामुळे खांद्याला बसणारा धक्का थोडा सौम्य वाटतो. इथेच कान फसतात. खांदा दुखत नाही, म्हणून माणूस लागोपाठ चार-पाच गोळ्या झाडतो. हाताने काडतूस चढवायच्या रायफलीत मध्ये जी सक्तीची विश्रांती मिळते, ती इथे नाही.

त्यात भर म्हणजे मझल ब्रेक. नळीच्या टोकाला भोके असलेला हा छोटा तुकडा बसवतात. तो वायू बाजूला आणि थोडा मागे फेकतो, म्हणून धक्का बराच कमी होतो. मॅग्नम रायफलींवर तो हमखास दिसतो. पण बाजूला आणि मागे कोण असते? झाडणारा स्वतः आणि शेजारी उभा असलेला मित्र. खांद्याचा त्रास वाचवून तो कानाच्या माथी मारायचा, असा हा सौदा आहे.

कानात काय होते?

आपल्या आंतरकर्णात गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात सूक्ष्म केस असलेल्या पेशी असतात. त्यांना केशपेशी म्हणू. एका कानात त्या साधारण पंधरा हजार. आवाजाची लाट आली की वाऱ्याने गव्हाचे शेत डोलावे तसे हे केस डोलतात आणि मेंदूला संदेश जातो. वारा जोराचा असेल तर पीक आडवे होते आणि वारा थांबल्यावर पुन्हा उभे राहते. दडे बसून सुटतात ते असे. पण वादळच आले तर पीक मोडते. शेतात पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते, कानात येत नाही. मेलेली केशपेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही. तसे औषध आजही उपलब्ध नाही.

आता आवाजाचे आकडे. आपले बोलणे साधारण ६० डेसिबल. साध्या .२२ रायफलीचा आवाज कानाशी १४० डेसिबलच्या आसपास. मोठ्या शिकारी रायफलींचा १६० च्या पुढे, आणि मोठ्या काडतुसाला मझल ब्रेक असेल तर १७० च्या घरात. डेसिबलचा हिशेब नेहमीच्या बेरजेसारखा नसतो. दर २० डेसिबलला आवाजाचा दाब दहा पट होतो. म्हणजे ६० वरून १६० ला जाताना कानावरचा दाब एक लाख पट होतो. क्षणिक आवाजासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली कमाल मर्यादा मोठ्यांसाठी १४० डेसिबल आहे आणि लहान मुलांसाठी १२०. भारतात फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १४५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज करणाऱ्या फटाक्यावर बंदी आहे. रायफलीचे तोंड झाडणाऱ्याच्या कानापासून जेमतेम मीटरभर असते.

निसर्गाने कानाला संरक्षण दिलेले नाही का? दिले आहे. मोठा आवाज झाला की मधल्या कानातला एक चिमुकला स्नायू आखडतो आणि आवाज थोडा दाबतो. पण त्याला काही शतांश सेकंद लागतात. गोळीचा धमाका त्याच्या आतच आत शिरून काम उरकतो.

मग डावाच कान जास्त का? उजव्या हाताने रायफल धरणारा माणूस दस्ता उजव्या खांद्याला लावतो आणि मान उजवीकडे कलवतो. डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो, तर उजव्या कानाला डोक्याचा आडोसा मिळतो. डावखुऱ्यांचे उलट. म्हणून तर मॅडमनी आलेखावरून बंदूक ओळखली.

४००० ते ६००० हर्ट्झचा पट्टा गेला म्हणून माणूस बहिरा होत नाही, आणि म्हणूनच त्याला वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही. पंखा, मोटार, माणसाचा आवाज सगळे ऐकू येते. फक्त गर्दीत शब्द नीट कळत नाहीत. 'स', 'श', 'फ' हे वर्ण पुसट होतात. लग्नाच्या पंगतीत शेजारचा काय म्हणतो ते समजत नाही आणि माणूस नुसती मान हलवतो. पुढे वयाची भर पडते आणि पन्नाशीत सत्तरीचे कान होतात. २००९ साली बोस्टनमधील संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिले की आवाजाने तात्पुरते कमी झालेले ऐकणे पूर्ववत झाले, तरी केशपेशी आणि मज्जातंतू यांचे जोड कायमचे तुटलेले असू शकतात. म्हणजे "दडे सुटले, आता बरे आहे" यावरही फार विसंबू नका.

"व्हिडिओत तर कुणी कानाला काही लावत नाही"

हा त्या तरुणाचाच प्रश्न. सिनेमात नायक बंद खोलीत दहा गोळ्या झाडतो आणि लगेच नायिकेशी हळू आवाजात बोलतो. प्रत्यक्षात दोघांनाही काही ऐकू आले नसते. मोबाइलच्या व्हिडिओचीही तीच गत. मोबाइलचा माइक इतका मोठा आवाज पकडूच शकत नाही, तो वरचा भाग छाटून टाकतो. त्यामुळे पडद्यावर मॅग्नमचा आवाजही फटाकडीसारखा वाटतो. पडद्यावरून आवाजाचा अंदाज बांधू नका.

शिकाऱ्यांचे दोन युक्तिवाद मी ऐकले आहेत. एक, कान बंद केले तर जनावराची चाहूल लागत नाही. हा मुद्दा योग्य आहे, आणि त्यावर उपायही आहे. इलेक्ट्रॉनिक इअरमफ मिळतात. ते पाचोळ्याची सळसळ ऐकू देतात आणि धमाका झाला की आवाज अडवतात. दुसरा, "हंगामात दोन-चार गोळ्याच तर झाडतो." त्याला माझे उत्तर त्या तरुणाच्या आलेखात आहे.

ताकद हवी की नेम?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले, ते .२२ च्या छोट्या काडतुसावर. नेमाला ताकद लागत नाही. उलट अति धक्क्याने आणि आवाजाने नेम बिघडतो. चाप ओढण्याआधीच शरीर घाबरून आखडते, डोळे मिटतात आणि गोळी भलतीकडे जाते. जनावर जखमी होऊन पळते, ते आणखी वाईट. मोठी अस्वले, एल्क किंवा फार लांबचा पल्ला यासाठी अनुभवी शिकाऱ्याला मॅग्नम लागत असेल, ते मी मान्य करतो. पण हरीण आणि रानडुक्कर यांना .३०८ सारखे साधे काडतूस पुरते, आणि पुठ्ठ्याच्या निशाण्याला तर .२२ पुरते. पहिल्यांदा रेंजवर गेलेल्या नवशिक्याच्या हातात गंमत म्हणून मॅग्नम देणे, हा मला शुद्ध अविचार वाटतो.

शिसे विसरू नका

बहुतेक गोळ्यांच्या आत शिसे असते, आणि काडतूस पेटवणाऱ्या टोपीतही बऱ्याचदा शिशाचे संयुग असते. बंद रेंजमध्ये हे शिसे धुरातून श्वासात जाते, हातावर आणि कपड्यांवर बसते आणि घरी लहान मुलांपर्यंत पोहोचते. वेगवान गोळी जनावराच्या अंगात फुटून तिचे बारीक कण मांसात पसरतात. २००८ साली अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात एका डॉक्टरांनी गरिबांना दान दिलेल्या हरणाच्या मांसाच्या पाकिटांचे सीटी स्कॅन केले. निम्म्याहून अधिक पाकिटांत धातूचे कण दिसले. कॅलिफोर्नियाने जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या काडतुसांवर बंदी घातली आहे आणि डेन्मार्कने २०२४ मध्ये रायफलीच्या शिशाच्या गोळ्याही बंद केल्या. तांब्याच्या गोळ्या हा चांगला पर्याय आहे. लहान मुले आणि गर्भवती यांनी असे मांस खाऊ नये आणि रेंजवरही जाऊ नये. पोटातल्या बाळाच्या कानाला इअरमफ लावता येत नाही.

तुमच्या माणसांना काय सांगाल?

१. कानात फोमचे इअरप्लग आणि वरून इअरमफ, दोन्ही लावा. एकावर एक लावल्याने संरक्षणाची बेरीज होत नाही, साधारण ५ डेसिबलचीच भर पडते. पण एक सरकला तर दुसरा वाचवतो, हा मोठा फायदा.

२. प्लग नीट बसवा. तो पिळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. अर्धवट बसलेला प्लग दहा-पंधरा डेसिबलच अडवतो. १६५ मधून १५ गेले तरी १५० उरतात, म्हणजे मर्यादेच्या वरच.

३. चष्मा असेल तर बारीक काड्यांचा वापरा. काही बोलायचे किंवा ऐकायचे असेल तर आधी सर्वांचा गोळीबार थांबवा, मगच मफ काढा.

४. मझल ब्रेक असलेल्या रायफलीच्या बाजूला उभे राहू नका. बंद रेंजमध्ये ती टाळाच, भिंतींवरून आवाज परत येतो.

५. जिथे कायद्याने परवानगी आहे तिथे सायलेन्सर वापरणे चांगले. नॉर्वे, फिनलंड, न्यूझीलंडमध्ये शिकारी तो सर्रास वापरतात. त्याने आवाज साधारण २० ते ३५ डेसिबल कमी होतो. तरीही कान झाकायलाच हवेत.

६. रेंजवरून आल्यावर हात-तोंड साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका. कपडे वेगळे धुवा.

७. गोळीनंतर कानात शिट्टी, दडे किंवा दुखणे चोवीस तासांनंतरही राहिले, तर लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. काही रुग्णांना सुरुवातीच्या दिवसांत स्टिरॉइडचा उपयोग होऊ शकतो. उशीर झाला तर ती संधी जाते. कानातून रक्त किंवा पाणी आले, चक्कर आली किंवा ऐकू येणे अचानक कमी झाले, तर त्याच दिवशी जा. आणि कृपा करून लसणाचे कोमट तेल कानात घालू नका. पडदा फाटलेला असेल तर त्याने नुकसान वाढते.

शेवटी माझ्याबद्दल. तो तरुण माझ्याकडे आला तेव्हाच तीन आठवडे उलटून गेले होते, त्यामुळे माझ्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी त्याचे वेगळे काही बिघडले नसावे. पण पुढचा रुग्ण दुसऱ्याच दिवशी आला तर? मी फटाक्याचे विचारले, बंदुकीचे विचारले नाही, कारण आपल्याकडच्या माणसाच्या हातात रायफल असेल हे माझ्या डोक्यातच आले नाही. आता कानात शिट्टीची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी तीन प्रश्न विचारतो. फटाके? डीजे? बंदूक? तिसऱ्यावर बहुतेक लोक हसतात. हसू देत.

तो तरुण आता परत टेक्सासला आहे. झोपताना उशाशी पंखा लावतो, म्हणजे त्या आवाजात शिट्टी दबते. परवा मेसेज आला, "काका, मित्राने पुन्हा बोलावलंय. जाऊ का?" मी लिहिले, जा, पण .२२ चालव, प्लग आणि मफ दोन्ही लाव, आणि मित्रालाही लावायला सांग. त्याचाही डावा कान एकदा तपासून घ्या.

काळजी घ्या.